गरम हवेचा पत्ता

एप्रिल अर्ध्यावर आला होता. मीटिंग साडेअकराची, म्हणजे जेवणाआधी उरकेल असा हिशेब. टेबलावर नकाशा पसरलेला आणि एसीच्या झोताने उडू नये म्हणून त्याच्या चारही कोपऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या. बाहेरच्या एका विद्यापीठाचं इकडे खानदेशात केंद्र होतंय. नावावाचून काही अडत नाही. त्यांना एक इमारत बांधायची आहे. खाली वर्कशॉप, वर ऑफिसं, आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरात ‘पर्यावरणपूरक’. मी समितीवर बाहेरचा सदस्य, ‘स्थानिक अनुभव’ या रकान्यात बसवलेला सिव्हिल इंजिनियर. तासभर सोलरवर बोलणं झालं, मग काचेवर, मग पर्यावरणपूरक इमारतींच्या कुठल्या रेटिंगला किती गुण मिळतात यावर. चहा आला तसे वर्कशॉपचे जुने इन्स्ट्रक्टर उठले. ‘काही माहिती लागली तर असू द्या’ म्हणून त्यांना भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं होतं. हातात कप घेऊन ते नकाशावर वाकले आणि पश्चिमेच्या भिंतीवर बोट ठेवून म्हणाले, “साहेब, हे बारके चौकोन कशाचे?” आउटडोअर युनिटं, कन्सल्टंट म्हणाले, वरच्या मजल्याच्या एसींची. सगळी एका रांगेत, छज्ज्यावर. आणि छज्जा वर्कशॉपच्या खिडक्यांवर. “म्हणजे वरच्यांची गरम हवा आमच्या खिडकीत सोडून राहिले तुम्ही.” आवाजात राग नव्हता. बिस्किट चहात बुडवता बुडवता बोलले आणि पुन्हा जागेवर जाऊन बसले. कुणीतरी हसलं. नोट करून घ्या, असं अध्यक्ष म्हणाले, आणि चर्चा पुन्हा काचेवर गेली.

मला मात्र त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

वरवर पाहता प्रश्न किरकोळ आहे. चार चौकोन इकडचे उचलून तिकडे ठेवायचे, तांब्याची नळी थोडी वाढवायची, संपलं. पण एसी थंडी तयार करत नाही, तो उष्णता एका खोलीतून उचलून दुसरीकडे टाकतो आणि वरून स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता त्यात घालतो, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. बहुतेकांनी कधी ना कधी ते फळ्यावर शिकवलेलंही असेल. तरी ती उष्णता नेमकी कुणाच्या पत्त्यावर जातेय हे विचारायला भिंतीकडच्या खुर्चीवरचा माणूस लागला. कारण उघड आहे. मे महिन्यात दुपारी तीन वाजता त्या खिडकीशी वेल्डिंगचा मुखवटा चढवून तोच उभा राहणार आहे.

वर्कशॉप आणि ऑफिस एका छपराखाली आणायची कल्पना मला मनापासून पटलेली आहे, हे आधीच सांगतो. विद्यापीठांमध्ये वर्कशॉप म्हणजे कॅम्पसच्या पार टोकाला, कंपाउंडला टेकलेलं पत्र्याचं शेड, असा रिवाजच पडला आहे. डिझाइनवर पेपर लिहिणारा प्राध्यापक लोखंड कातायच्या लेथपासून इतका लांब बसतो की जॉब कसा झालाय ते बघायला त्याला स्कूटर काढावी लागते. इथे खाली लेथ, मिलिंग, वेल्डिंग, सुतारकाम आणि ठिबकच्या फिल्टरपासून फवारणीच्या पंपापर्यंत शेतीची अवजारं दुरुस्त करायला एक मोकळा गाळा. वर संशोधनाची ऑफिसं, हिशेब विभाग, नवे उद्योग सुरू करू पाहणाऱ्या पोरांसाठी चार खोल्या. एक छप्पर, एक जिना, एक लिफ्ट, एकच पाण्याची टाकी. जमीन वाचते, सिमेंट वाचतं. सोलरची वीज जेव्हा भरपूर येते तेव्हाच मशिनं चालू असतात, म्हणजे तीही जागच्या जागी खपते.

पण कागदावर हे जितकं सोपं तितकं बांधताना नाही. ऑफिसच्या मजल्याला चौरस मीटरला अडीचशे ते चारशे किलो भार धरला की भागतं. जड मशिनांच्या वर्कशॉपला हजार किलो धरावा लागतो. म्हणून जड ते खाली, हे ठरलेलंच. मग लेथचा आणि पॉवर हॅमरचा पाया इमारतीच्या पायापासून तोडून वेगळा घ्यायचा, नाहीतर खाली घाव बसला की वर हिशेब विभागातल्या कपातला चहा हलतो. क्रेनला उंची हवी, ऑफिसला नको. लाकडाचा भुसा आणि वेल्डिंगची ठिणगी एकमेकांपासून लांब हवीत आणि दोन्ही फायलींच्या कपाटांपासून त्याहून लांब. राष्ट्रीय बांधकाम संहितेत ऑफिसं ‘ई’ गटात, कारखाने ‘जी’ गटात आणि शिक्षणाच्या इमारती ‘बी’ गटात. आमची इमारत यातली नेमकी कोणती, यावर एक अख्खी बैठक गेली. शेवटी प्रत्येक भाग आग अडवणाऱ्या भिंतीने आणि स्लॅबने वेगळा करायचं ठरलं, नाहीतर सगळ्यात कडक नियम सगळ्याच इमारतीला लागला असता. हे असलं काम मला आवडतं. त्यात भांडण होतं पण कुणाचा अपमान होत नाही.

अपमान होतो तो दरवाजाच्या प्रश्नावर. वर्कशॉपवाल्यांना मागून वेगळं गेट द्यावं, अशी सूचना आली. कारण सांगितलं गेलं ते सुरक्षेचं आणि मालाच्या ट्रकचं. ट्रकला मागचं गेट हवंच. माणसांना कशाला, असं मी विचारलं तर टेबलाभोवती क्षणभर कुणी बोलेना. मग एकजण म्हणाले, “तेलाचे बूट घेऊन लॉबीत येतील ना भो.” त्यांच्या वडिलांचेही बूट तेलाचेच असत, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही. मी पुढे बोललो नाही.

माझे वडील भुसावळला एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. भोंगा वाजला की घरात घड्याळ बघायची गरज नसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत कधीमधी डबा पोचवायला मी जायचो. कळण्याची भाकर, ठेचा, कांदा, आणि वेगळ्या किटलीत ताक. बाहेर उन्हाने डोळे दिपलेले असायचे, त्यामुळे आत शिरल्यावर आधी काही दिसायचंच नाही. नुसता वास यायचा, कापलेल्या लोखंडाचा, ऑइलचा आणि कॉटन वेस्टचा. मग उंचावरच्या काचांमधून येणारा पांढुरका उजेड दिसायला लागायचा आणि त्यात माणसं. वडील जेवायला आत बसत नसत. दोन शेडच्या मधल्या बोळात, जिथे सावली आणि वारा दोन्ही असायचं, तिथे त्यांची पंगत असे. बोळात बसायला कुणी बाक ठेवलेला नव्हता. लाकडी खोक्यांवरच सगळे टेकत. ती जागा कुठल्याही नकाशावर ‘जेवणाची जागा’ म्हणून काढलेली नसणार. पण दुपारी वारा कुठून येतो हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

त्या उंच काचांची गंमत पुढे शिकताना कळली. गिरण्या आणि कारखान्यांची करवती छपरं, एक बाजू उतरती आणि एक उभी काचेची. काचेचं तोंड उत्तरेला, म्हणजे उजेड येतो पण ऊन येत नाही. हे पाठ करून आम्ही पास झालो. पण हे छप्पर जिथून आलं त्या विलायतेत दुपारचा सूर्य कधीच माथ्याच्या उत्तरेला जात नाही. जळगाव, धुळे, भुसावळ पडतात २१ अंशांच्या आसपास, कर्कवृत्ताच्या खाली. आपल्याकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो, शून्य सावलीच्या बातम्या येतात त्याच सुमारास, आणि जुलैच्या मध्यानंतर परत फिरतो. तेवढ्या दिवसांत उत्तरेच्या काचेतूनही ऊन आत येतं, सकाळ-संध्याकाळ तर तिरपं आणि खोलवर येतं. पाऊस लांबलेला असेल तर तेच आपले सगळ्यात वाईट दिवस. म्हणून आमच्या नकाशात उत्तरेच्या काचांना उभ्या पट्ट्या घाला, असा मी हट्ट धरला. तो मान्य झाला. इतक्या सहज झाला की मलाच संशय आला. मग कळलं, पट्ट्यांना रेटिंगमध्ये गुण आहेत.

गुणांबद्दल माझं मन द्विधा आहे. गुण नसते तर निम्म्या गोष्टींवर चर्चाच झाली नसती, हे खरं. पण गुण लागले की जे मोजता येतं तेवढंच हिरवं ठरतं. आमच्या आजोळी, यावल तालुक्यात, धाब्याचं घर होतं. पांढऱ्या मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर सागाच्या कड्या, पाट्या, आणि त्यावर मातीचा जाड थर, तेच धाबं. दुपारी मधल्या घरात इतका अंधार असे की ताटातली भाजी कुठली ते चव घेऊन कळावं, पण त्या जमिनीवर उघड्या अंगाने पडलं की झोप लागायची. उन्हाची धग भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र होई, आणि रात्री सगळं घर धाब्यावर झोपायला गेलेलं असे. माणसं उष्णतेच्या वेळा ओळखून घरातल्या घरात जागा बदलत. त्याला कुठलं रेटिंग गुण देईल?

आता लगेच गहिवरूनही चालणार नाही. दर पावसाळ्याआधी त्या धाब्यावर खारी माती नव्याने पसरायची, आणि ते काम मामींच्या कमरेचं होतं. तरी दोन ठिकाणी गळायचंच. वाळवी, उंदीर, भिंतीतले विंचू. मामाने घर पाडून स्लॅब टाकला तेव्हा घरातल्या बायकांइतकं खूश कुणी झालं नसेल, आणि त्यांचं बरोबरच होतं. पहिल्या उन्हाळ्यात मात्र सगळ्यांच्या लक्षात आलं की चार-पाच इंची स्लॅब भट्टीतून काढलेल्या विटेसारखा मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, आणि आता खाली झोपता येत नाही की वर. मग कूलर आला. खानदेशाचा उन्हाळा कोरडा, म्हणून कूलर चालतो. एप्रिल-मेच्या हवेला ओल्या गवतातून ओढलं की ती सहज दहा-बारा अंशांनी उतरते. पण तो पाणी पितो, आणि पितो नेमका त्या महिन्यांत जेव्हा नळ आठवड्यातून मोजक्या वेळा येतो. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर अंगाला नुसती चिकचिक देतो.

फैजपूर आमच्या आजोळापासून हाकेच्या अंतरावर. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन तिथे झालं, नेहरू अध्यक्ष होते. गांधीजींचा आग्रह होता की खेड्यात मिळेल त्याच सामानातून सगळं उभारायचं. सजावटीसाठी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबूसारख्या साध्या, स्थानिक वस्तूंतून कमानी-मंडप उभे करवले. आमच्याकडे पर्यावरणपूरक बांधकामाचं भाषण कुणी सुरू केलं की फैजपूरचं नाव हटकून येतं. मीही एके काळी घ्यायचो. हल्ली टाळतो, कारण ते अधिवेशन होतं. काही दिवसांत उठलं. आमच्या इमारतीला पन्नास वर्षं लेथ सोसायचा आहे, आणि तोही काळ्या मातीत.

काळ्या मातीचं खानदेशात सगळ्यांना कौतुक, फक्त इंजिनियर सोडून. कापूस आणि केळीला जी माती सोनं, तीच पायाला वैरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, भेगा अशा पडतात की पोराचा हात कोपरापर्यंत आत जावा. वरचे साडेतीन मीटर तरी ही हालचाल चालते, म्हणून पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेला पायाचा खांब, त्याखाली नेऊन तळाशी फुगीर करावा लागतो. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने आपल्यासाठी काढलेली ही युक्ती. म्हणजे वर कितीही बांबू लावा, जमिनीखाली सिमेंट आणि लोखंड घालण्यावाचून गत्यंतर नाही. मग वाचवायचं कुठे? भिंती दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातल्या राखेच्या विटांच्या. राख तशीही ढिगांनी पडून आहे आणि ट्रकला लांबचा प्रवास नाही. जोत्याला काळा दगड. आणि मुख्य म्हणजे कमी बांधायचं: ज्या खोलीचा उपयोग कुणाला सांगता येत नाही ती काढून टाकायची. ‘व्हीआयपी प्रतीक्षा कक्ष’ असा एक चौकोन होता. तो काढायला आम्हाला सोलरपेक्षा जास्त वेळ लागला.

सगळ्यात स्वस्त थंडावा रात्रीच्या हवेत आहे. दुपारी ४४ अंश गेलं तरी पहाटेपर्यंत पारा २७-२८ वर येतो. जाड भिंतींच्या इमारतीत रात्रभर खिडक्या उघड्या ठेवल्या आणि वरून पंख्याने हवा ओढली तर भिंती गार होतात आणि दुपारपर्यंत साथ देतात. यात नवं काही नाही, आजीसुद्धा हेच करायची. पण संस्थेत खिडकी उघडते कोण? संध्याकाळी सहाला शिपाई सगळं बंद करून किल्ल्या जमा करतो आणि सकाळी नऊनंतर, म्हणजे हवा तापायला लागल्यावर, उघडतो. त्याचं चुकत नाही, त्याला तसाच आदेश आहे. चोरी झाली तर जाब त्याला विचारतात, भिंत तापली तर कुणालाच नाही. तेव्हा जाळीच्या, गजाच्या झडपा छताजवळ घ्याव्यात आणि त्या रात्री उघडायचं काम लेखी एखाद्याच्या नावावर असावं, असं मी सुचवलं. झडपा मंजूर झाल्या.

धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठच्या फडांची मला या निमित्ताने फार आठवण झाली. तिथे नदीवर दगडी बंधारे, त्यांतून पाट, आणि पाटाखाली फड, म्हणजे एकत्र भिजणाऱ्या शेतांचे गट. एका फडात एका हंगामाला एकच पीक. शेकडो वर्षं हे चाललं त्याचं श्रेय सगळे बंधाऱ्यांना देतात. बंधारे सुंदर आहेतच. पण पाणी सोडायला पाटकरी होता, राखण करायला जागल्या होता, देखरेखीला हवालदार होता, आणि त्यांचं मानधन गावाने ठरवलेलं होतं. कुणाचं पाणी कधी, हे त्यांना विचारायचं. आमच्या प्रकल्प अहवालात बंधारे भरपूर आहेत. पाटकरी नाही.

मध्यंतरी वरच्या मजल्यावर बसणार असलेल्या ताईंना भेटलो, हिशेब विभागातल्या. आता त्या ज्या जुन्या इमारतीत बसतात तिला लागूनच फॅब्रिकेशनचं शेड आहे. मला वाटलं होतं, त्या एसीचा हट्ट धरतील. त्या म्हणाल्या, “उकाड्याचं काही नाही दादा, जळगावात जन्म गेला. पण तो ग्राइंडर. तुम्ही एक दिवस बसा आणि आकड्यांची बेरीज करून दाखवा.” बोलणं चालू असतानाच पलीकडे ग्राइंडर सुरू झाला आणि त्यांनी सवयीने बोलणं थांबवलं, पेन कागदावर तसंच टेकवून; आवाज थांबल्यावर त्याच वाक्यापासून पुढे चालू केलं. खिडक्या उघडल्या तर आवाज आणि बारीक काळी धूळ, बंद केल्या तर एसी लागणारच. माझ्या मनात वरचे आणि खालचे असे दोन पक्ष पडले होते, त्यात या बाई कुठे बसत नव्हत्या. त्यांच्या म्हणण्यावरून जिना, स्वच्छतागृहं आणि स्टोअर हे सगळं मध्ये आणलं, आणि ग्राइंडिंगची खोली सगळ्यात लांबच्या टोकाला नेली. मधल्या अंगणालगत दोन्हीकडून येता येईल असा एक लांब दगडी ओटा घेतला आहे, सावलीत, दुपारच्या डब्यासाठी. तिथे वरचे खालचे एकत्र बसतील का, ठाऊक नाही. न बसले तर सामान ठेवायला उपयोगी पडेल.

आउटडोअर युनिटांचं म्हणाल तर ती गच्चीवर गेली. सहज नाही गेली. सोलरवाल्यांनी हरकत घेतली, कारण पॅनेल जितकं तापतं तितकी वीज कमी देतं, अंशाला साधारण पाव ते अर्धा टक्का, आणि त्याच्या पोटाखाली कुणी गरम हवा सोडायला लागलं तर तोटा त्यांच्या माथी. मग ईशान्य कोपऱ्यात वेगळं स्टँड करायचं ठरलं. नळीची लांबी वाढली, खर्च वाढला, आणि खर्च वाढल्यावर वर खरोखर किती खोल्यांना एसी हवा याची पहिल्यांदा सरळ मोजणी झाली. मीटिंगची खोली, सर्व्हर, आणि मोजमापाची नाजूक उपकरणं ठेवायची प्रयोगशाळा. बाकीच्यांना छताचे पंखे आणि रात्रीची हवा. अध्यक्षांच्या खोलीवर मात्र कुणीच बोललं नाही, त्यामुळे ती यादीत राहिली. वर्कशॉपच्या पश्चिमेच्या भिंतीला आता जाळीदार विटांचा दुहेरी पडदा आहे आणि खिडक्यांवर नुसता छज्जा, त्यावर काही नाही. इन्स्ट्रक्टरांना सुधारित नकाशा दाखवला तेव्हा ते म्हणाले, “बरं झालं,” आणि लगेच पुढचं काढलं: हात धुवायचे नळ वर्कशॉपच्या दारात हवेत, आत कोपऱ्यात नकोत. मग तेलाचे बूट काढायची जागाही तिथेच करता येईल आणि पुढच्या दारावरचं भांडण मिटेल. हे मात्र मला किंवा कुणालाही सुचलं नव्हतं.

फाइल सध्या वित्त विभागात आहे. नळ, ओटा, जाळीदार भिंत यांवर शेरा नाही. एकाच ओळीखाली लाल रेघ आलीय, माझ्या झडपांच्या. ‘रात्री दहाला उघडणे, सकाळी आठला बंद करणे, एक कर्मचारी’. आणि समासात विचारलंय, हा खर्च बांधकामाच्या हेडखाली टाकायचा की आस्थापनेच्या. मी उत्तर पाठवलंय की कुठल्याही हेडखाली टाका, पण माणूस नेमा. सोबत पांझरेच्या पाटकऱ्यांवर अर्धं पान जोडलं होतं, ते त्यांनी ‘विषयाशी संबंधित नाही’ म्हणून परत केलंय.